तळघरातली नहाणी खचली आहे : कोबा फोडू की वरूनच भागेल?

गोदामवाला (जालना)

नमस्कार मंडळी. जालन्यात आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे, वडिलांनी बांधलेल्या इमारतीत. खाली तळघर, त्यात गोदाम. पुढचा रस्ता उंचावर अन् मागची बोळ खाली, सगळा उतार कुंडलिकेकडं. त्यामुळं पुढून बघाल तर तळघर, मागून जवळजवळ जमिनीला जमीन. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आहे, शेजारी फरशीत नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी अन् तिच्याखालचा वाकडा पाइप. तिथून पाइप कोब्याखालून जातो अन् मागच्या भिंतीतून बोळीतल्या चेंबरला निघतो. अंतर बावीस फूट.

गेल्या पावसाळ्यापासून जाळीभोवतीचा कोबा बोटभर खाली बसलाय. पाणी ओतलं तर जातं, पण कुठं जातं ते कळत नाही, चेंबरमध्ये ओघ दिसत नाही. वास येतो, चिलटं येतात, अन् मागच्या महिन्यात एका सकाळी जाळीशेजारी उकरलेल्या काळ्या मातीचा ढीग. घूस.

ज्याला बोलावलं त्याचं मत वेगळं. गवंडी म्हणतो भोकात पातळ सिमेंट ओतू, वर टाइल लावू, विषय संपला. एक प्लंबर म्हणतो पूर्ण बावीस फूट फोडल्याशिवाय हात लावणार नाही. दुसरा म्हणतो लाइनच बंद करा, खड्डा घ्या, मोटर टाका. मेच्या शेवटी खरिपाचा माल उतरायला लागतो, त्याच्या आत उरकायचंय. कुणी असं काम केलंय का?

हुरडा_पार्टी (बीड)

बियाण्याचं गोदाम अन् खाली ओल! उगवणक्षमता दुकानातच दाखवून विकता येईल की शेठ. प्रयोगशाळेचा खर्च वाचला.

गोदामवाला

हसा बापू. सोयाबीनच्या चार बॅगा खालून बुरसल्यावर मीपण असाच हसत होतो.

निवृत्त_उपअभियंता (नांदेड)

फोडायचं की नाही हे फुटलंय कुठं ते कळल्यावर ठरवा. अगोदर खालच्या गोष्टी करा, यातल्या कशालाच मिस्त्री लागत नाही.

रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीभर पाण्यात कालवून जाळीत ओता आणि बोळीतल्या चेंबरवर माणूस उभा करा. रंग आला तर लाइन सलग आहे, गळती अर्धवट. थेंबही आला नाही तर पाइप पूर्ण तुटलाय किंवा बुजलाय.

मग सळईनं कोबा ठोकत फिरा. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी ढबढब. खडूनं खुणा करत जा, पोकळीचा आकार जमिनीवरच उमटेल.

तिसरं म्हणजे पातळी. पारदर्शक लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरून ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाची आणि चेंबरमध्ये पडणाऱ्या पाइपच्या तळाची उंची मोजा. चार इंची लाइनला चाळीसास एक उतार धरतात, म्हणजे दहा फुटाला तीन इंच. बावीस फुटाला साडेसहा इंच पाहिजेत. तेवढा फरक मिळत असेल तर मोटरवाल्याला नमस्कार करा आणि घरी पाठवा.

शेवटचं, आणि हे फार लोक विसरतात. ओल पाइपची आहे की जमिनीची? आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली कातळ. भादव्यात मुरमातलं पाणी वर चढतं आणि कोब्याच्या भेगांतून पाझरतं. आत्ता एप्रिलमध्ये, विहिरी तळाला गेलेल्या असतानाही तुमच्याकडे ओल असेल तर ती पाइपचीच समजा.

नळकांड (परभणी)

मी वीस वर्षं हेच काम करतो. साहेबांचं बरोबर आहे, त्यात एक भर. शहरात कॅमेरा घालून बघतात, आपल्याकडं स्प्रिंग, म्हणजे तुंबलेला पाइप मोकळा करायची लांब लवचिक तार, हाच कॅमेरा. पण जाळीकडून नका घालू, ट्रॅपच्या वाकात अडकते. चेंबरकडून वर घाला. जिथं अडेल तिथं स्प्रिंगला चिकटपट्टीची खूण करा, बाहेर काढा, टेपनं मोजा. टोकाला माती लागून आली की तीच जागा.

माझा अंदाज सांगतो, ट्रॅपच्या पुढचा पहिला बेंड तुटला असणार. ट्रॅप कोब्यात धरलेला असतो अन् पाइप मातीवर पडलेला. माती बसली की पाइप खाली जातो, ट्रॅप जाग्यावर राहतो. मधला बेंड कुणाचा?

इमारत कधीची आहे? ९५च्या आधीची असेल तर खाली पीव्हीसी नसून चिनी मातीचे पाइप निघतील.

गोदामवाला

८९ ची. वडील म्हणायचे किल्लारीच्या भूकंपात हादरे बसले होते, त्यातच गेलं असेल का?

हुरडा_पार्टी (बीड)

मराठवाड्यात भिंतीला भेग पडो नाहीतर कपाटाचं दार वाकडं होवो, बिल किल्लारीच्या नावानं. ३० सप्टेंबर १९९३ ला फुटलेली नहाणी तीस वर्षं गुपचूप बसली अन् गेल्या पावसाळ्यात बोलायला लागली?

काळी_कसदार (परभणी)

भूकंप सोडा, रोजचा भूकंप तुमच्या पायाखाली आहे. कपाशीची काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या सगळ्यांनी पाहिल्यात. तीच माती कोब्याखाली असेल तर वरचा कोबा चार खांबांना आणि भिंतींना धरून राहतो, खालची माती मात्र वर्षातून एकदा वर-खाली होते. एरवी तळघराखाली ही हालचाल कमी असते, कारण ओलावा फारसा बदलत नाही. पण एकदा पाइप गळायला लागला की त्या ठिकाणी माती भिजते, फुगते, वापर बंद असला की सुकते. गळती मातीला हलवते आणि हललेली माती गळती वाढवते. शिवाय पाण्यासोबत बारीक माती पाइपात वाहून जाते, म्हणून पोकळी होते, म्हणून कोबा बसतो.

तुमच्या गवंड्याचं पातळ सिमेंट या पोकळीत जाऊन एक वेडावाकडा गोळा होईल, आणि तो पाइपात शिरला तर चांगला राहिलेला भागही बुजेल. कृपा करून ते करू नका.

अजून एक, कृषी विद्यापीठाच्या परिसरात राहते म्हणून सांगते : सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवण किमान ७० टक्के आणि ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के लागतो. साल नाजूक, ओलाव्यात पटकन जातं. काम संपेपर्यंत आणि नंतरही बॅगा लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. खरं तर सोयाबीन वरच्या मजल्यावर न्या.

गोदामवाला

ताई, वरच्या मजल्यावर घर आहे. सोयाबीन वर नेलं तर आम्हाला खाली यावं लागेल.

पडवी (लातूर)

इथं तळघरात अभ्यासिका चालवणारे पण आहेत, धागा वाचून धडकी भरली. दिल्लीत २७ जुलै २०२४ ला राजिंदर नगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन पोरं गेली. आमच्या पोरांची अभ्यासिका पण खालीच आहे. असं नहाणीतून उलटं पाणी येऊ शकतं का?

निवृत्त_उपअभियंता (नांदेड)

दिल्लीत पाणी रस्त्यावरून आत घुसलं, तो वेगळा प्रकार. मात्र प्रश्न योग्य आहे. रस्त्यावरची मुख्य लाइन तुंबली की पाणी तिच्या वरच्या चेंबरच्या झाकणाच्या पातळीपर्यंत चढतं. तुमच्या तळघराची फरशी त्याखाली असेल तर ते सगळ्यात सोप्या भोकातून, म्हणजे नहाणीतून वर येणार. यासाठी चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवतात. त्यात प्लास्टिकचा पिशवीचा तुकडा अडकला तरी तो मिटत नाही, म्हणून मृगाच्या आधी उघडून धुवायचा. आणि अभ्यासिकेचं म्हणाल तर मंजूर नकाशात तळघराचा वापर काय लिहिलाय ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी वाहनतळ नाहीतर साठवण असतं. बाहेर जायला एकच जिना असेल तर पोरांना तिथून काढा, नळदुरुस्तीची चर्चा नंतर.

मिशिगनचा_मराठवाडी

इकडं जवळजवळ प्रत्येक जुन्या घराला तळघर आणि प्रत्येक तळघराला फ्लोअर ड्रेन. आमच्या घराखाली मातीचे पाइप होते, झाडाची मुळं सांध्यांतून आत शिरली होती. कंपनीनं कॅमेरा घातला, वरून यंत्रानं जागा शोधून फरशीवर रंगानं फुली मारली, तेवढंच चौकोनी कापलं. खाली चार इंची स्लॅब, त्याखाली खडी. जुन्या मातीच्या आणि नव्या प्लास्टिकच्या पाइपाला रबरी कपलिंग लावतात, बाहेरून स्टीलच्या पट्ट्या आवळतात. अख्खी लाइन फोडली नाही. इथं काही जण पाइपात रेझिनची पिशवी फुगवून आतून नवा पाइप तयार करतात, म्हणजे फोडणंच नाही.

हुरडा_पार्टी (बीड)

अन् बिल किती डॉलर? तेवढ्यात आमच्याकडं खाली एक नवीन तळघर होतं.

नळकांड (परभणी)

अमेरिकेवाल्या दादांची रबर कपलिंग इथं मोठ्या दुकानात मिळते, पण चिनी पाइपाचा बाहेरचा घेर अन् पीव्हीसीचा घेर जुळत नाही, मापाचीच घ्यावी लागते. आपले मिस्त्री तागाची दोरी कोंबून वर एकास एक सिमेंट-वाळूचा गिलावा करतात. नवीन असताना दिसायला छान. काळ्या मातीत दोन पावसाळे. पिशवी फुगवायची पद्धत पाइप जागेवर असेल तर ठीक, याचा पाइप तर माती खाऊन बसलाय.

मोंढा_नाका (छत्रपती संभाजीनगर)

मी मोटरच्या बाजूनं बोलतो. आमच्या सोसायटीत तळघराची लाइन अशीच फुटली. कोपऱ्यात अडीच फुटाचा खड्डा बांधला, मड पंप टाकला, फ्लोटवर चालतो. एका दिवसात कोबा फोडून झाला, पाइप वरून भिंतीला बांधून नेला. उद्या बिघडला तर डोळ्यासमोर आहे. कोब्याखाली काय चाललंय याची चिंता नाही. बावीस फूट फोडणाऱ्यांना माझा सलाम.

नळकांड (परभणी)

अन् लाइट गेल्यावर?

मोंढा_नाका (छत्रपती संभाजीनगर)

इन्व्हर्टर.

नळकांड (परभणी)

आषाढात झड लागली, रात्रभर लाइट नाही, खड्डा भरला, अन् बाजूला बियाण्याच्या बॅगा. जिथं उतार मिळतो तिथं पाण्याला मोटर लावायची गरज नाही. तुमच्या सोसायटीत चेंबर तळघराच्या वर असणार, तिथं मोटर बरोबर. यांचं चेंबर खाली आहे.

मोंढा_नाका (छत्रपती संभाजीनगर)

हे मान्य. आमचं चेंबर रस्त्याला, म्हणजे डोक्यावर.

आजोळ_तेर (धाराशिव)

घुशीचा उल्लेख वाचून पेव आठवलं. आमच्या आजोळी वाड्याच्या अंगणात ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार होतं, पोटाला गोल अन् तोंडाला निमुळतं. उघडायच्या दिवशी झाकण काढून पहिले बराच वेळ कुणालाच जवळ फिरकू द्यायचे नाहीत. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. धान्य आत श्वास घेतं, त्यानं जड हवा तळाला साठते. ज्यांनी घाई केली त्यांची नावं गावात अजून सांगतात. तुमच्या बोळीतल्या चेंबरमध्ये माणूस उतरवणार असाल तर हीच युक्ती करा.

निवृत्त_उपअभियंता (नांदेड)

नाही. हात जोडून सांगतो, गटाराच्या चेंबरमध्ये कंदील सोडू नका. पेवात कर्बवायू असतो, त्यानं ज्योत विझते. मैल्याच्या चेंबरमध्ये मिथेन असू शकतो, तो पेट घेतो. आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो, वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं आणि माणूस तिथंच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. दरवर्षीच्या बातम्या याच आहेत.

माणूस उतरवूच नका. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, खासगी मालकालाही. मृत्यू झाला तर भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. बोळीतलं कमरेइतकं चेंबर असेल तर वरून वाकून स्प्रिंग घालता येते. झाकण आदल्या रात्री उघडं ठेवा आणि भोवती काहीतरी आडवं लावा, गल्लीतली लेकरं पडतील.

गोदामवाला

साहेब, चेंबर दोन फूटच खोल आहे, उभ्यानं हात पोचतो. तरी झाकण उघडं ठेवलं होतं.

आता निकाल. रंग आला नाही, थेंबभर पण नाही. स्प्रिंग चेंबरकडून एकोणीस फूट सरळ गेली अन् अडली, टोकाला ओली काळी माती. म्हणजे नळकांड भाऊ म्हणाले तसं ट्रॅपच्या जवळच. ढबढब आवाज जाळीपासून भिंतीकडं एका लांबट पट्ट्यात येतोय. पातळीत नऊ इंचाचा फरक मिळाला.

म्हणजे पहिले चार फूटच फोडू ना? बावीसची गरज नाही?

नळकांड (परभणी)

चार फूट फोडा, पण पुढचं बघितल्याशिवाय बुजवू नका. फोडल्यावर चांगल्या पाइपाचं तोंड उघडं पडेल. चेंबरकडचं टोक बूच मारून बंद करा, फुटबॉलचा ब्लॅडर आत घालून फुगवला तरी चालतो. उघड्या तोंडाकडून पाणी भरा, काठोकाठ. अर्धा तास थांबा. पातळी हलली नाही तर बाकीची लाइन ठेवा. उतरली तर सांधे गेलेत. चिनी मातीचा पाइप दोन दोन फुटाचा येतो, एकोणीस फुटात नऊ-दहा सांधे. त्यातला एक जरी ढिला असेल तर पुढच्या वर्षी परत हाच धागा वर येईल.

फोडायची रीत. पहिले ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून दोन सरळ रेघा मारून घ्या, दीड फूट अंतर, पाणी सोडत, नाहीतर तळघर धुळीनं भरेल अन् ती धूळ फुप्फुसाला वाईट. मग मधला भाग ब्रेकरनं काढा. रेघा न मारता ब्रेकर लावला तर भेग गोदामभर पळते. ओल्या जागेत मशीन लावताय, बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, असल्याशिवाय प्लग लावू नका. खांबाच्या पायाजवळ जाऊन खाली कोरू नका, लाइन जरा वळवली तरी चालेल. कुठं जाड सळई लागली तर थांबा, ती प्लिंथ बीमची, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या तुळईची असू शकते. फोटो टाका.

पैठणी_गल्ली (छत्रपती संभाजीनगर)

आतलं बघायला फोडावं लागतंय त्यावरून आठवलं. मलिक अंबरनं आमच्या शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी आणली, जमिनीखालून, डोंगरातलं पाणी. कित्येक शतकं चालली, तिच्या वाटेवर ठिकठिकाणी उतरून साफ करायला विहिरीसारखी तोंडं ठेवली होती. आणि आपण १९८९ ला बावीस फुटात एक झाकण ठेवलं नाही.

हुरडा_पार्टी (बीड)

मलिक अंबरला बिल्डर नव्हता ना मध्ये.

निवृत्त_उपअभियंता (नांदेड)

झाकणाचा मुद्दा घ्या मात्र. नवी लाइन टाकताना ट्रॅपच्या पुढं पंचेचाळीस अंशाचा वाय (इंग्रजी Y सारखा जोड) घालून एक फाटा फरशीपर्यंत वर आणा आणि त्याला आट्याचं झाकण लावा. पुढं स्प्रिंग तिथून जाईल. बाजारात दार असलेले बेंड मिळतात, ते कोब्याखाली गाडू नका, दार गाडून काय उपयोग, उलट तेच गळतं. आणि काटकोनाचा एक बेंड घालण्यापेक्षा पंचेचाळीसचे दोन घाला.

गोदामवाला

फोडलं. फोटो टाकलाय, बघा अन् रडा.

कोब्याखाली जाळीपासून साडेतीन फूट लांब, हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी. कोबा तीन इंचाचा पण नाही. ट्रॅप बिडाचा, तो कोब्याला लटकतोय. त्याच्या खालचा चिनी बेंड दोन तुकडे होऊन खाली पडलाय, पुढच्या पाइपाचं तोंड चार इंच खाली गेलंय. पोकळीच्या एका बाजूनं घुशीचा बोगदा मागच्या भिंतीकडं गेलाय, त्यात आमच्या दुकानाच्या बॅगेचे तुकडे अन् मक्याच्या दाण्यांची साल. भरावात माती, विटांचे तुकडे, एक चप्पल अन् सिमेंटच्या पोत्याचे कागद. ज्यानं बांधलं त्यानं मुरूम टाकल्याचे पैसे घेतले होते, वडिलांच्या वहीत लिहिलंय.

पाण्याची परीक्षा पण केली. ब्लॅडर लावून भरलं. पातळी उतरली, हळू, पण अर्ध्या तासात तीन बोटं.

नळकांड (परभणी)

मग ठरलं.

पडवी (लातूर)

तीन बोटं म्हणजे फार आहे का? नुसतं हात धुवायचं पाणी, मैला नाही. बाकीची लाइन ठेवून चार फूट नवीन टाकली तर निम्मा खर्च. मी असतो तर ठेवली असती.

काळी_कसदार (परभणी)

घरातल्या मोरीला मीही हो म्हटलं असतं. इथं वर हजारो रुपयांचं बियाणं आणि खाली घुशीला तयार बोगदा. ढिल्या सांध्यापाशी ओल, ओलीपाशी मऊ माती, मऊ मातीत घूस. दाण्याचा वास तिला वरून मिळतोच आहे.

गोदामवाला

पूर्णच करतोय. बावीस फूट म्हणणारा प्लंबर शेवटी खरा निघाला, पण बाबानं कारण सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी हो म्हणलो असतो. आता भराव कसा करू ते सांगा. गवंडी म्हणतो पाइपाभोवती सगळं काँक्रीटनं भरून टाकू, म्हणजे परत हलणार नाही.

निवृत्त_उपअभियंता (नांदेड)

नको. काळ्या मातीवर काँक्रीटची लांब कांडी टाकली तर ती कांडीच मधोमध मोडेल आणि पाइपालाही घेऊन जाईल. काळी माती पाइपाच्या खाली जेवढी निघेल तेवढी काढा, किमान फूटभर. चप्पल वगैरे सगळं बाहेर. मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात, पाणी शिंपडून, धुम्मस मारून भरा. वर चार इंच वाळू किंवा क्रशरची कच, दोरी धरून उतारात, त्यावर पाइप. पाइपाच्या कुशीत हातानं कच दाबा, तिथंच पोकळी राहते. पाइपावर अजून चार-सहा इंच कच, मग मुरूम. विटांचे तुकडे पाइपाला लागता कामा नयेत.

भिंतीतून जातो तिथं मोठ्या मापाच्या पाइपाचा तुकडा बाहीसारखा घाला, मधल्या फटीत लवचिक सीलंट. भिंत हलणार नाही, पाइप हलेल, दोघांना एकमेकांत चिणू नका. भिंतीबाहेर हातभर अंतरात एक रबर रिंगचा सांधा ठेवा, तो थोडा वाकू शकतो.

नळकांड (परभणी)

साहेब, रिंगच्या बाबतीत थोडं वेगळं बोलतो. गोदामाखाली मी सॉल्व्हंटचा, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाचा सांधा मारतो. रिंग बसवताना मिस्त्री साबण न लावता पाइप ढकलतात, रिंग गुंडाळून आत जाते, कुणाला कळत नाही. घुशी रिंग कुरतडतात ते वेगळंच.

निवृत्त_उपअभियंता (नांदेड)

मिस्त्री चुकतो म्हणून सांधा चुकीचा कसा? भिंतीपाशी तरी रिंग पाहिजेच. मधे सॉल्व्हंट मारा, माझी हरकत नाही.

नळकांड (परभणी)

भिंतीपाशी रिंग, मधे सॉल्व्हंट. चला, भांडण मिटलं. पाइप एसडब्ल्यूआरचाच, म्हणजे सांडपाण्यासाठीचाच घ्या, वर आयएस १३५९२ छापलेलं बघून. शेतातला पाण्याचा पातळ पाइप कुणी स्वस्तात देईल, नका घेऊ. अन् पीव्हीसीला सिमेंट चिकटत नाही, म्हणून ट्रॅप कोब्यात जिथं बसतो तिथं बाहेरून सॉल्व्हंट फासून त्यावर कोरडी वाळू चोळा. सुकलं की खरखरीत होतं, मग काँक्रीट धरतं. नाहीतर ट्रॅपच्या कडेनंच पाणी खाली जातं अन् लोक म्हणतात पाइप गळतोय.

बुजवायच्या आधी परत पाणी भरून ठेवा. रात्रभर.

काळी_कसदार (परभणी)

घुशीचा बोगदा नुसता मातीनं बुजवू नका. काचेचे तुकडे घालतात काही लोक, त्यापेक्षा बारीक खडीचं काँक्रीट भोकात दाबा आणि चेंबरच्या तोंडाला जाड जाळी लावा.

गोदामवाला

पाइप पडला, रात्रभर पाणी भरून ठेवलं, सकाळी रेघ जिथल्या तिथं. मुरूम भरून धुम्मस मारतायत. आता वरचा कोबा. गवंड्याला जुन्याच्या लेव्हलला गुळगुळीत करायचाय, मी म्हणतोय जाळीकडं ढाळ पाहिजे.

निवृत्त_उपअभियंता (नांदेड)

ढाळ पाहिजेच, नाहीतर नहाणी कशाला? मुरमावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरा, जमिनीची ओल वर येणार नाही. जुन्या कोब्याच्या दोन्ही कडांना छिद्रं पाडून दर दीड फुटाला आठ एमएम सळईचे तुकडे घाला, म्हणजे नवी पट्टी एकटी खाली बसणार नाही. जुनी कड घासून ओली करा, सिमेंटची स्लरी लावा, मग एकास दोन चार (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, चार इंच. सात दिवस गोणपाट टाकून भिजवत ठेवा. एप्रिलच्या उन्हात तळघर असलं तरी वाळतं.

हुरडा_पार्टी (बीड)

पाणी कुठून आणणार सात दिवस? जालन्यात नळाला पाणी यायच्या आधी खरीप येईल.

गोदामवाला

टँकर सांगितलाय. त्याचं बिल पण नहाणीच्याच खात्यावर.

पडवी (लातूर)

एक राहिलं. आमच्या अभ्यासिकेतल्या नहाणीचा पाइप ठीक आहे, चेंबरला पाणी व्यवस्थित पडतं. तरी उन्हाळ्याच्या सुटीत घाण वास येतो. फोडायचं का?

नळकांड (परभणी)

अजिबात नको. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी थांबतं, तेच वासाला अडवतं. सुटीत कुणी पाणी ओतत नाही, ते उडून जातं, मग गटाराची हवा थेट आत. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. महिनाभर कुलूप लावणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

अन् गोदामवाले भाऊ, ट्रॅपच्या जाळीला कोबा लावून पक्की करू देऊ नका तुमच्या गवंड्याला. उचलता आली पाहिजे.

गोदामवाला

केली होती पक्की. आत्ताच काढायला लावली.